पेढीची चव

"गोड आहे," चाखणकर म्हणाले आणि तोंडातला घोट त्यांनी पिकदाणीत टाकला.

टेबलाच्या पलीकडे डेअरीबाई उभी होती. आठवडाभर खपून तिनं हे मिश्रण जुळवलं होतं. तळघरातल्या नव्या-जुन्या पिंपांमधून थोडी थोडी पोर्ट, म्हणजे द्राक्षांची गोड दारू, काढायची, ती मापून एकत्र करायची, पुन्हा मोडायची, पुन्हा करायची, असं करून करून तिच्या हाताला लाकडाचा वास लागला होता.

"काका, पोर्ट आहे ती. गोड असणारच."

"आपल्या टॉनी पोर्टला नको तेवढी गोड आहे."

"नको तेवढी म्हणजे किती?"

"किती म्हणजे? जास्त."

"तसं नाही हो. थोडी जास्त, का बरीच जास्त? पुढच्या वेळी मला अंदाज यायला नको? आमच्या डेअरीत दुधात नळी सोडली, की पाणी किती ते आकड्यात दिसायचं."

"मग तिथंच राहायचं होतंस."

बोलून गेल्यावर चाखणकरांना स्वतःचाच राग आला. बाई गुणी होती. पेढीत यायच्या आधी ती डेअरीत दूध तपासायला होती, म्हणून पिंपं धुणाऱ्यांपासून हिशेबनिसापर्यंत सगळे तिला डेअरीबाई म्हणत. आणि ज्यांचं उभं आयुष्य पोर्ट चाखण्यात गेलं, त्यांना चाखणकर म्हणत. त्यांचं खरं आडनाव आता पगाराच्या कागदाखेरीज कुठं उरलं नव्हतं. हाताखाली शिकायला आलेली डेअरीबाई चौथी. पहिला कंटाळून औषधाच्या दुकानात लागला. दुसऱ्यानं लग्न केलं आणि बायकोच्या हातच्या लसणाच्या चटकदार जेवणापायी या नोकरीवर पाणी सोडलं. तिसऱ्याला चाखणकरांनीच घालवलं. ही मात्र टिकून होती. नवऱ्याशी भांडून, घरातला कांदा-लसूण बंद करून टिकून होती.

"कशाशी जुळवू तेवढं तरी दाखवा," ती म्हणाली. "मागच्या वर्षीची एक बाटली द्या. मी शेजारी ठेवून जुळवते."

"आपण बाटली ठेवत नाही."

"ते माहीत आहे. पण का ठेवत नाही? दुकानातून एक आणली तर कुणाचं काय जाईल?"

"आणलीस तर उद्यापासून येऊ नकोस." चाखणकर उठले. "चव जिभेवर ठेवायची असते. बाटलीत ठेवलेली चव उतरते. माझ्या वस्तादांनी मला बाटली दाखवली नव्हती, मी तुला दाखवणार नाही."

"म्हणजे तुमच्या जिभेशी जुळवायची."

"हो."

"आणि तुमच्या जिभेवर काय आहे ते मला कसं कळणार?"

चाखणकर खिडकीपाशी गेले. चाखण्याच्या खोलीच्या खिडक्या उघडत नसत. बाहेरचा वास आत येऊ नये म्हणून त्या फार पूर्वीच चौकटीत पक्क्या ठोकून टाकल्या होत्या. पांढऱ्या फरशा, पांढरं टेबल, पांढरा उजेड. काचेपलीकडे रस्त्यावरून माणसं जात होती, बायका हसत होत्या, एक कुत्रा कुणाच्या तरी मागे धावत होता, आणि यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

पेढीचा नियम साधा होता. टॉनी म्हणजे लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरून जिचा लाल रंग विटकरी झाला आहे अशी पोर्ट. दरवर्षी पिंपं वेगळी, द्राक्षं वेगळी, पण पेढीच्या टॉनीची चव तीच लागली पाहिजे. ही चव एका माणसाच्या जिभेवर असायची. त्यानं पेला चाखून "हीच" म्हटलं, की मुकादम पिंपांवर खडूनं फुली मारायचा आणि मोठ्या टाकीचा नळ सुटायचा. त्या खोलीत मालकाचंही काही चालत नसे. आणि मालकीणबाईंनी चाखणकरांना सांगून ठेवलं होतं, "तुम्ही ज्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या पेल्याला 'हीच' म्हणाल, त्या दिवशी तुम्ही मोकळे." हे सांगूनही बरीच वर्षं लोटली होती. निवृत्तीचं वय कधीच उलटून गेलं होतं. निरोपाचा समारंभ झाला, हार पडला, भाषणं झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाखणकर नेहमीसारखे पेढीत हजर होते.

खरं तर त्यांना सुटायचं होतं. या खोलीचा त्यांना वीट आला होता. पण खोटं "हीच" त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

पोर्टची आणि त्यांची ओळख जुनी. पिंपं धुणारा पोरगा म्हणून ते पेढीत आले, तेव्हा कुणीतरी चहाच्या कपातून त्यांना रूबी पाजली. रूबी म्हणजे पोर्टमधली तरणी पोर, लालभडक आणि गोडमिट्ट. ती त्यांनी सरबतासारखी गटागट प्यायली आणि पायऱ्या चढताना जिन्यातच बसले. लग्न ठरलं तेव्हा हीच रूबी कागदात गुंडाळून ते होणाऱ्या बायकोसाठी न्यायचे. पुढं तिशीत त्यांना जाड, काळपट, दात रंगवणारी पोर्ट आवडायला लागली. चांगल्या वर्षाची, बाटलीतच म्हातारी झालेली. तेव्हा ते चारचौघांत रूबीला नाकं मुरडत. चाळिशी आली आणि ती दांडगट पोर्टही नकोशी झाली, टॉनीच बरी वाटू लागली. मग टॉनीतही कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या पिंपांकडे त्यांचे पाय वळू लागले. तिथली पोर्ट गोड असून गोड लागत नसे. भाजलेल्या बदामाची, संत्र्याच्या वाळलेल्या सालीची, शेवटी जिभेच्या मुळाशी जरा कडवट. आता रूबीचा वास आला तरी त्यांना लहान मुलांच्या गोळ्यांची बरणी आठवे. आपण शहाणे होत गेलो, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. शिवाय ते सांगायचे, "आवड वेगळी आणि काम वेगळं. मला काय आवडतं त्याचा पेढीच्या चवीशी काडीचा संबंध नाही." हे ते इतक्या खात्रीनं सांगत, की ऐकणाऱ्याला शंका घ्यायची लाज वाटावी.

घरी आले तेव्हा बायको पलंगावर ट्रंक उघडून बसली होती. मुलगी दुसऱ्या गावी होती, तिच्या खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. नातवंडं फोनवर रोज विचारायची, आजी कधी येणार. बायकोनं ठरवलं होतं, या वर्षीचं मिश्रण झालं की निघायचं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"गोड होती."

तिनं ट्रंकेतली साडी काढली आणि कपाटात ठेवली. मग दुसरी काढली. मग स्वेटर. चाखणकर दारात उभे राहून बघत होते. तिनं आदळआपट केली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"अगं, पुढच्या वेळी करील ती. शिकतेय."

"हो. आधीचे तिघंही शिकतच होते." स्वेटरची घडी तिनं पुन्हा नीट केली. "मी सकाळी कांदा चिरला नाही, मोगऱ्याचं तेल लावलं नाही, पोरीला पावडर लावली नाही. खिडक्या लावून घेतल्या, का तर शेजारणीनं मासळी तळली. आमच्या घरात एक नाक राहतं आणि आम्ही त्याच्याकडे भाड्यानं राहतो, असं मी सगळ्यांना हसत हसत सांगायची. आता हसू येत नाही हो."

"मग मी काय करू? खोटं बोलू?"

"ते मी कशाला सांगू? त्यातलं मला काय कळतं?" ट्रंकेचं झाकण तिनं हलकेच लावलं. "टेबलावर बघा. तुमच्या ताईंनी पाठवलीय. घर आवरतायत त्या, माळ्यावर मिळाली म्हणे."

टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती. कागद सोडल्यावर चाखणकर खुर्चीवर बसलेच. पेढीची टॉनी. पण लेबल जुन्या धाटणीचं, आणि कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं, 'ताईस, माझी पहिली.' वस्ताद पेढी सोडून गेले त्या वर्षी चाखणकरांनी जुळवलेली ही टॉनी होती. वस्तादांनी त्या आधी कितीतरी वर्षं त्यांचा प्रत्येक पेला नाकारला होता, आणि मग एका सकाळी घोट घेऊन म्हणाले होते, "हीच." आयुष्यात त्यांना इतका आनंद पुन्हा झाला नाही, मुलगी झाली तेव्हासुद्धा नाही. हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. ताईच्या घरात कुणी पीत नव्हतं. तिनं भावाची भेट म्हणून ती जपून ठेवली आणि विसरून गेली.

"उतरली असणार एव्हाना," असं म्हणत त्यांनी बूच काढलं. बूच अर्धं तुटलं, उरलेलं चमच्याच्या दांड्यानं आत ढकलावं लागलं. त्यांनी दोन छोट्या पेल्यांत ओतली.

"मला नको," बायको म्हणाली. "मी सोडलीय."

"चाखून तर बघ. ताईची आहे."

तिनं ओठ लावले. मग आणखी एक घोट घेतला. मग ती खाली बसली आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की चाखणकरांना एकदम कागदात गुंडाळलेल्या बाटल्यांचे दिवस आठवले.

"अगंबाई," ती म्हणाली, "हीच की!"

"हीच म्हणजे?"

"आपली. आपलं लग्न झाल्यावर रविवारी प्यायचो ती. तुम्ही पेढीतून आणायचात."

"पेढीतून तर मी अजूनही आणतो."

"ती ही नव्हे."

"असं कसं? तीच आहे. पेढीची चव बदलत नाही."

बायकोनं पेल्याकडे बघितलं. मूग गिळून बसायची तिला सवय होती, पण आज कपाटात परत गेलेल्या साड्यांनी ती सवय मोडली असावी.

"मी का सोडली, माहीत आहे?"

"चढते म्हणाली होतीस."

"अंगठ्याएवढ्या पेल्यानं काय चढणार, डोंबल? आवडेनाशी झाली. एकदम नाही हो, दरवर्षी जराजरा. आधी वाटलं, बाळंतपणानं तोंडाची चव गेली असेल. मग वाटलं, माझं वय झालं. तुम्ही पेला भरून द्यायचात, माझ्या तोंडाकडे बघायचात, आणि मी म्हणायची, छान आहे. कडू लागायची मला. औषधासारखी. शेवटी म्हटलं, सोडलेलीच बरी."

"मला कधी बोलली नाहीस?"

"काय बोलू? अख्खी पेढी तुमच्या जिभेवर उभी. मी कोण सांगणारी?"

चाखणकरांनी आपला पेला उचलला. रंग किंचित फिकटला होता, वास दबला होता. जुनी बाटली जशी असायची तशीच. त्यांनी घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि त्यांच्या मनात आपोआप दोन शब्द उमटले, जे त्यांनी सकाळी मोठ्यानं उच्चारले होते. गोड आहे.

त्यांनी पुन्हा घेतला. बाटलीत पोर्ट फिकी पडते, विरते, मरगळते, पण आणखी गोड कधीच होत नाही. म्हणजे भरली तेव्हा ती निदान एवढी गोड होती. आणि ही त्यांनी स्वतः जुळवलेली, वस्तादांनी पास केलेली. तिसऱ्या घोटाला त्यांना आणखी एक गोष्ट कळली आणि हातातला पेला ठेवावा लागला. हा सकाळचाच पेला होता. डेअरीबाईनं जुळवलेला, पिकदाणीत गेलेला. तोच गोडवा, तेच पिकलेलं लाल फळ मागं रेंगाळणारं.

दरवर्षी त्यांनी आपल्या मते तीच चव जुळवली होती. दोन पेल्यांत जरा उजवा कोणता, हे ठरवताना दरवर्षी त्यांचा हात जरा कोरड्या, म्हणजे कमी गोड, पेल्याकडे गेला होता. तो हात कुठे निघाला आहे हे दाखवायला पेढीत एकही बाटली नव्हती. आणि आलेल्या प्रत्येक शिकाऊ माणसाला त्यांनी नापास केलं होतं, कारण त्या बिचाऱ्यांची जीभ तरुण होती. आपल्याला कोंडून कुणी ठेवलं याचा शोध त्यांनी मालकीणबाईंपासून नशिबापर्यंत सगळीकडे घेतला होता. कुलूप त्यांच्याच तोंडात होतं.

"काय झालं?" बायकोनं घाबरून विचारलं. "खराब आहे का?"

"नाही," ते म्हणाले. "चांगली आहे. तू पी."

तिनं दुसरा पेला भरून घेतला. ती पीत असताना चाखणकर तिच्याकडे बघत राहिले. एकाच घरात राहून हिनं इतकी वर्षं आपल्यासाठी कडू घोट घेतले, या विचारानं त्यांना भरून आलं. त्यांनी ते तिला सांगितलंही. ती म्हणाली, "जाऊ द्या हो," आणि डोळे पुसले.

सकाळी ते आधी मालकीणबाईंच्या खोलीत गेले. मालकीणबाई नवऱ्यामागं पेढी सांभाळत होत्या आणि भल्याभल्यांना पाणी पाजून चुकल्या होत्या. चाखणकरांनी बाटलीचं सगळं सांगितलं. बाई रागावतील, निदान धक्का तरी बसेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

"मला माहीत आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"काय?"

"टॉनी कोरडी होत चाललीय ते. व्यापारी केव्हापासून सांगतात. मी प्रत्येकाला म्हटलं, तुमच्या तोंडाला काहीतरी झालंय." त्या हसल्या. "अहो चाखणकर, गिऱ्हाईक तुमच्याबरोबरच म्हातारं झालं. त्यांनाही आता तशीच लागते. सगळं सुरळीत चाललंय की."

"पण पेढीची चव ती नाही, बाई."

"आता तीच आहे."

"मग डेअरीबाईनं करायचं काय? तिची जीभ तिच्या वयाची आहे. ती जुनी चव जुळवते. मी 'हीच' म्हणावं तरी पंचाईत, न म्हणावं तरी मी अडकलेला."

"म्हणूच नका. या वर्षी तुम्हीच जुळवा. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

"बाई, मला जायचंय."

"कुठं जाणार? तुमच्याशिवाय ही चव करणार कोण?" त्यांनी हे इतक्या आपुलकीनं विचारलं, की चाखणकरांना शिवी खाल्ल्यासारखं झालं. "तुम्ही आहात तोवर आहात. माझंही आता वय झालं. नंतर पोरं काय करायचं ते करतील. बसा, चहा घ्या."

"चाखायच्या आधी मी चहा घेत नाही," चाखणकर म्हणाले आणि बाहेर पडले.

जिना उतरताना त्यांना वस्ताद आठवले. ती सकाळ. "हीच" म्हणाले, एप्रन काढून खुंटीला लावला आणि कुणाशी न बोलता निघून गेले. नंतर रस्त्यात भेटले तरी पेढीचा विषय काढला की दुसरंच बोलायचे. त्या दिवशी आपलं मिश्रण बिनचूक जुळलं, या एका गोष्टीवर चाखणकर आयुष्यभर ताठ मानेनं चालले होते. आता पायरीवर उभं राहून त्यांना पहिल्यांदा वाटलं, जुळलं-बिळलं काही नसेल. म्हातारा दमला असेल. त्याच्याही जिभेला ते गोडच लागलं असेल. आपलं मोठं काहीतरी कुणी काढून नेलं असं वाटलं, आणि कुणावर रागावताही येईना.

चाखण्याच्या खोलीत डेअरीबाई वाटच बघत होती. दाराशी मुकादम खडू घेऊन उभा. टेबलावर दोन पेले होते.

"हा कालचा," ती म्हणाली, "आणि हा नवा. काल तुम्ही गेल्यावर बसले. कोपऱ्यातली जुनी पिंपं वाढवली, नवी कमी केली. कोरडी केली, अगदी कोरडी. बघा तरी."

चाखणकरांनी नवा पेला उचलला. वासानंच त्यांचे डोळे मिटले. घोट घेतला. भाजलेला बदाम, वाळलेली साल, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी ते कडवट, शांत असं काहीतरी, ज्याच्यापर्यंत पोचायला त्यांना सगळा जन्म लागला होता. इतकी नेमकी त्यांनाही कधी साधली नव्हती. एका शब्दाचं काम होतं. बायकोची ट्रंक भरली असती, मालकीणबाई खूश, गिऱ्हाईक खूश, आणि आपल्या मागंही आपली चव राहिली असती. शब्द जिभेच्या टोकावर आला.

"तुला कशी लागते ही?" त्यांनी विचारलं.

"मला?" डेअरीबाई गोंधळली. "माझं काय, काका? तुम्हाला हवी तशी केलीय."

"खरं सांग."

तिनं मुकादमाकडे बघितलं, मग खाली. "खरं सांगू? कडू लागते. तोंड धुवावंसं वाटतं."

"पुढच्या वर्षी पुन्हा अशी करता येईल?"

"तुम्ही शेजारी बसून 'अजून, अजून' म्हणत राहिलात तर येईल. एकटीला कसं कळणार कुठं थांबायचं? आज नुसता अंदाज लागला. मला तर ती करता करताच बिघडली असं वाटत होतं."

चाखणकरांनी मान हलवली. नव्या पेल्यातून त्यांनी आणखी एक घोट घेतला. पिकदाणी हाताशी होती. त्यांनी तो गिळला. मग पेल्यात उरलेलीही सावकाश पिऊन टाकली. या खोलीत कुणी गिळत नसे. मुकादमानं डोळे विस्फारले.

मग त्यांनी कालचा पेला उचलला. गोड होता. कालच्याइतकाच गोड, नको तेवढा गोड. त्यांनी तो नीट चाखला, पिकदाणीत टाकला आणि पेला टेबलावर ठेवला.

"हीच," ते म्हणाले.

मुकादमानं विचारलं, "ही म्हणजे कालची?"

"ऐकू आलं ना? मार फुली."

तो पळत गेला. डेअरीबाई हलली नाही. "काका, काल तर तुम्ही..."

"काल चुकलो."

"खरंच जुळली? माझी? अगदी तीच?"

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते चाखणकरांना ओळखीचं होतं. सगळं सांगून टाकावं, ताईची बाटली, वस्ताद, सगळं, असं त्यांना वाटलं. ऐकून ही सावध तरी राहील. पण त्या चेहऱ्याला हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही.

"तुझ्या जिभेवर ठेव आता," ते म्हणाले. "आणि एक कर. पहिल्या टाकीतली एक बाटली बाजूला काढून ठेव. दरवर्षी एक ठेवत जा."

"ठेवत नाहीत ना पण?"

"तू ठेव."

"नको काका," ती डोळे पुसत हसली. "तुम्ही शिकवलंत तशीच जिभेवर ठेवीन मी. बाटली कशाला हवी?"

ते पुन्हा बोलणार होते, पण तेवढ्यात खालून टाकीचा नळ सुटल्याचा आवाज आला आणि ती धावतच खाली गेली. मालकीणबाईंचा निरोप येईल म्हणून चाखणकर थोडा वेळ बसले. निरोप आला नाही. त्यांनी पेले विसळून पालथे घातले आणि निघाले.

फाटकाशी डेअरीबाईचा नवरा स्कूटर घेऊन उभा होता. बातमी त्याला कळली होती. बायकोचा मोठा दिवस म्हणून गडी न्हाव्याकडून थेट आला होता, दाढी गुळगुळीत, केस बसवलेले, गालांना सुवासिक पाणी चोपडलेलं. तो वास चाखणकरांना फाटकाच्या आतूनच आला. माणूस आनंदानं फुलून गेला होता.

"काका, पास झाली म्हणे आमची बाई! आज बाहेर जेवायचं, मी ठरवून टाकलंय."

"जा, जा," चाखणकर म्हणाले. "मजा करा."

डेअरीबाई मागं बसली. सवयीनं तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्या मानेकडे झुकली, आणि मध्येच थांबली. मग तिनं श्वास रोखून तोंड दुसरीकडे वळवलं, रस्त्याच्या बाजूला, जिथून वारा येत होता. नवऱ्याला त्यातलं काही कळलं नाही. कुठं जायचं, काय मागवायचं, याबद्दल तो मागं मान वळवून बोलतच होता.

"अगं, आजचा दिवस तरी ते नाक राहू दे बाजूला!" असं ओरडून सांगावंसं चाखणकरांना वाटलं. ते एक पाऊल पुढंही झाले. पण स्कूटर सुरू झाली होती, आणि तिच्या आवाजात त्यांचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नसतं. स्कूटर कोपऱ्यावरून वळली तेव्हाही तिचं तोंड रस्त्याकडेच होतं.